डबा आणायला गेलेली शालन

आधी त्या बोर्डावर कुणीतरी चादर टाका. व्हय, त्योच. शालनच्या फोटोच्या मागं लावलाय त्यो. 'तान्ह्या बाळांच्या दुधासाठी शासनाचा निधी मंजूर.' सरपंचांच्या लेकीनं मला वाचून दाखवलं. हात जोडलेली सात माणसं हायत त्यात, आन एक गुबगुबीत पोर. ते पोर आपल्या गावचं न्हाई. पंधरवडा झाला बोर्ड येऊन. दुधाच्या पावडरीचा डबा अजून आला न्हाई. आन त्याच बोर्डाच्या पुढं त्या बाईचा फोटो ठेवता? लाज कुठं गहाण ठेवली?

टाकली का चादर? बरं. आता राम राम सगळ्यांना.

मंडळी, बायांनो, मी दुसरीतनं शाळा सोडली. भाषण कवा केलं न्हाई, भांडणं लय केली. सरपंच म्हणलं, "हौसाक्का, तुमी बोला, तुमचं तिचं जवळचं व्हतं." कसलं जवळचं? मागच्या आठवड्यात ती माझ्या दारात उभी राहून मला फाडफाड बोलत व्हती. आज तिच्या फोटोला हार. काय बोलू? मला भ्या वाटतंय. लय भ्या वाटतंय.

मघाशी एक जण म्हणला, शालन म्हंजे सेवेची मूर्ती. मूर्ती कसली! मूर्ती एका जागी बसती. ही अंगणवाडीची बाई कवा बसली का? तोंडाची तर असली तिखट, की मी बी गप व्हायची. पण गावातल्या कुठल्या पोराला कुठला दुधाचा डबा लागतो, ते तिला ठावं व्हतं. दुसऱ्या कुणालाच न्हाई. तुमाला हाय ठावं? मला बी न्हाई.

माझी पणती ईश्वरी पाचव्या महिन्यात हाय. दिवस भरायच्या आधीच आली, मुठीएवढी. तिची आई, माझी नातसून पूजा, सांगलीला औषधपाणी घेती. तिथल्या डॉक्टरीणबाईनं बजावलं, ह्या गोळ्या चालू हायत तवर अंगावर पाजायचं न्हाई. गाईचं न्हाई, शेळीचं न्हाई. डब्याचीच पावडर, आन ती बी सांगितलेलीच. तवा गावातली शहाणी मला म्हणत्यात, "म्हातारे, आमी काय डब्यावर वाढलो?" तू वाढलास रं बाबा. तुझ्या पाठची दोन वाढली न्हाईत. ती मी पुरताना बघितल्यात. तुझ्या आईला इचार.

मग डबंच मिळंनात. वडूजचा मेडिकलवाला म्हणतो, वरनं माल येत न्हाई. दहिवडीचा म्हणतो, आलेला सकाळीच संपला. आमच्या घरात डबा खाली खाली चालला. आन मी काय केलं? नीट ऐका. हे मी आज पहिल्यांदा बोलतीया.

पाव्हणं जास्त आलं की आपण ताकात पाणी घालतो का न्हाई? चार माणसांचं ताक धाजणांना पुरवतो. आयुष्यभर हेच केलं, आन ह्यालाच शहाणपण म्हणलं. तसंच मी त्या दुधाचं केलं. तीन चमचं घालायचं तिथं दोन घातलं. मग दीड. पाणी तेवढंच. बाटली भरलेली दिसायची, पोरगी पियाची, झोपायची. मी पूजाला वर तोंड करून सांगितलं, "बघ माझ्या हाताला कसं गप ऱ्हातं पोर."

गप ऱ्हायाचंच की. रडायला अंगात काय तरी लागतं.

शालन वजन करायला आली. झोळीत पोरगी घातली, काटा बघितला, परत बघितला. मग टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली व्हती. मला म्हणली, "हौसाक्का, चमचं किती घालता?"

मी म्हणलं, "डब्यावर लिवलंय तेवढंच."

"डब्यावर काय लिवलंय?"

मला वाचता येत न्हाई, ते तिला ठावं व्हतं. म्हणून तर इचारलं भवानीनं. मी म्हणलं, "तू लय शिकलीस, तूच वाच."

तिनं वाचलं न्हाई. चुलीपाशी बसली, माझ्या देखत बाटली बनवली, चमचं मोठ्यानं मोजलं. एक. दोन. तीन. पोरीनं बाटली अशी वढली, अशी वढली, की मला खाली बघावं लागलं. जाताना दारात उभं राहून म्हणली, "पाणी पाजून पोर मारायचं असंल तर विहिरीतच टाका. म्हंजे डबा तरी वाचंल." सगळ्या आळीनं ऐकलं.

त्याच्या आधी तिच्यासंगं मी एकदा तालुक्याच्या हापिसात गेले व्हते. तिथला कारकून म्हणला, "निधी आलाय. खरेदीचा आदेश यायचाय." शालन म्हणली, "कवा येणार?" "वरून आला की." "वर म्हंजे कुठं? माझा नवरा बी वरच गेलाय, त्याला इचारू का?" मग त्यानं कागद पुढं सरकवला. बाळाच्या आईला पाजता येत न्हाई असा दाखला जोडा म्हणं, सक्षम अधिकाऱ्याचा. मी म्हणलं, "आवं, त्यो एवढा सक्षम असता तर त्यानंच पाजलं नसतं का?" सगळं हापिस हसलं. शालन बी हसली. हसलो आन मोकळ्या हातानं एसटीत बसलो. तवा गंमत वाटली. आता त्या हसण्याचं भ्या वाटतंय.

तर ती माझ्या दारातनं गेली, आन दुसऱ्या दिवशी उठून शिरवळला गेली. कुणीतरी सांगितलं, तिथं हायवेच्या दुकानात डबं आल्यात. दोन गाड्या बदलून, उन्हाची. दोन डबं मिळालं. येताना सातारच्या स्टँडवर बसली, ती बसलीच. छातीत कळ आली म्हणं. संगं पाण्याची बाटली सुदिक न्हवती. पिशवी मांडीवर तशीच धरलेली.

कंडक्टरनं पिशवी पाठवून दिली. दोन डबं. एकावर तिच्या अक्षरात ईश्वरीचं नाव, दुसऱ्यावर वस्तीवरच्या मेंढक्याच्या नातीचं. पूजानं वाचून दाखवलं. आन ऐका, मी दुसरा डबा एक दिवस धान्याच्या कणगीत लपवला. ज्या बाईचं मढं अजून घरी यायचं व्हतं, तिनं आणलेला डबा मी लपवला. दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन दिला, पण एक दिवस ठेवला. मी वाईट बाई न्हाई. तुमी मला पन्नास वर्सं बघताय. पण डबं कमी आन पोरं जास्त असली की चांगली माणसं काय करत्यात, ते मी माझ्याच हातांनी बघितलं. त्याचंच भ्या वाटतंय.

नातू लष्करात हाय. रोज फोन करतो, "आजे, डबा हाय न्हवं?" मी म्हणते, हाय. काय सांगू त्याला? नीट पाजलं तर डबा लवकर सरतो. पातळ पाजलं तर पोर सरतं. आता मी नीट पाजतीया. तीन म्हंजे तीन. काल डबा हलवून बघितला, बुडाला पावडर लागली. शुक्रवारपतूर पुरंल. वस्तीवरचीचं बी तसंच. खालच्या आळीतल्या जुळ्यांचं तर आजच संपलं, त्यांची आई ती बघा, मागं खांबाला टेकून उभी हाय. आन जायला आता शालन न्हाई.

तिला बरं वाटावं म्हणून मी काय बोलू? ती मेली. तिला आता डब्याची काळजी न्हाई. आपल्याला हाय.

तालुक्यास्नं आलेलं साहेब पहिल्या खुर्चीत बसल्यात. मघाशी लय चांगलं बोललं, ताईंचं कार्य पुढं नेऊ म्हणलं. ऐकलं आमी.

आता सगळी उभं ऱ्हावा. चपला काढा. शालनसाठी दोन मिनिटं गप ऱ्हायाचं. मोबाईल बंद. सरपंच, तुमी बी तोंड उघडायचं न्हाई, आन साहेबांच्या वतीनं तर न्हाईच न्हाई. गप ऱ्हायाचं ते आपण.

साहेब, तुमी न्हाई. तुमी हिकडं माईकपाशी या. आज जुळ्यांच्या आन शुक्रवारी ह्या चारी पोरांच्या बाटलीत काय घालायचं, आन ते कोण घेऊन येणार, त्या माणसाचं नाव, एवढंच सांगायचं. आमी उभं हाय.

बोला.