राहिलेलं आमेन

आपल्या आईला ऑपरेशनसाठी आत नेल्यापासून एक ड्रायव्हर तिची फाईल छातीशी धरून बाकावर बसला होता. शेजारी दोघी नणंद-भावजया बोलत होत्या.

“ताई, प्रार्थना करता करता माझा डोळाच लागला हो! तुमचा भाऊ आत टेबलावर, आणि मी इथे घोरतेय.”

“घोरत होतीस खरी.”

“आमेनसुद्धा म्हटलं नाही.”

“मग प्रार्थना चालूच राहिली की! झोप तुला लागली, देवाला थोडीच लागते?”

“रागावला नसेल ना?”

“अगं, लेकरू बोलता बोलता झोपलं तर बाप रागावतो का? पांघरूण घालतो.”

नर्सने दार उघडलं. “तुमचे मिस्टर शुद्धीवर आलेत. चहा मागताहेत, पण मिळणार नाही!”

“बाई गं, जीव भांड्यात पडला! प्रभू, तुझे उपकार. आता म्हणते...”

“थांब, आमेन इतक्यात नको. या दादांची आई अजून आतच आहे.”