दुसरीचं लेकरू

काय सांगू तुमाला, माहेर माझं काष्टीच्या बाजूला, नदीकाठचं, आन दिलं ते पारनेरच्या माळावर, जिथं नुसतं धोंडं. बहात्तरच्या दुष्काळात समदं गाव पाझर तलावाच्या कामावर, मी पन, आन माझ्यासंगं आत्याबाई, म्हंजी माझी सासू. थोरला तवा अंगावर पीत हुता. झोळी बांधायला झाड न्हाई, लेकरू उन्हात करपायला लागलं.

मग आत्याबाईंनी जागा हुडकली. उताराला उभ्या शिळा आन वर एक आडवी, एक बाजू ढासळलेली, आत मातीच माती. आमी समजायचो गुराख्यांनी केलेला आडोसा आसंल. त्यांनी खुरप्यानं माती उकरली, मी पाटी नेऊन तलावाच्या भरावावर टाकली. खापरं निघाली, बारीक हाडं निघाली, मी म्हनलं आत्या हे काय, तर म्हनल्या मेलं आसंल एखादं करडू, टाक जा. आन लेकरू तिथं असं गार निजलं, लई बरं वाटलं वो मला.

फुडं पुन्याहून एक शिकलेला साहेब आला, शिळांची मापं घेतली, वाकून आत बघितलं, इचारलं, माती कुनी काढली. आत्याबाई म्हनल्या, म्या, खापरं-हाडं निघाली ती बी भरावात टाकली. साहेब रागावला न्हाई, खाली बसला, म्हनला आजी, हे थडगं हाय, हजारो वर्सांमागचं, हाडं केवढी हुती. त्यांनी करंगळी दाखवली. मग लेकरूच आसंल, म्हनला. आत्याबाईंनी इचारलं, पोरगा का पोरगी. तो म्हनला, आता कसं कळनार.

भराव तवर पुरुसभर चढला हुता. तरी सुट्टी झाली की त्या तिथं हातानं माती चाळायच्या, मुकादम म्हनायचा म्हातारे, घरी जा. एक खापर तेवढं घावलं, ते साहेबाला दिलं. कामावर सुकडी मिळायची, तिच्यातला पयला घास भरावावर ठिवायच्या. म्हनायच्या, त्याच्या मायनं कुठनं कुठनं एवढाल्या शिळा आनवल्या आसतील गं, आन आपन आपल्या लेकरापायी तिचं लेकरू उठिवलं. मी म्हनायची, आत्या, पाटी तर मी उचलली. तर त्या, तू गप, तू लेकुरवाळी हायस, माझ्यावर ऱ्हाऊ दे. तसंच अंगावर घिऊन गेल्या बिचाऱ्या.

तलावाला पानी आलं, त्याच्यावर आमचा कांदा पिकतो. थोरल्याला नातवंडं झाली. समदं चांगलं झालं, तेच जीव खातं. माफी मागायची तर कुनाकडं. भरावावरनं जाताना मी आजून चपला हातात घेती. मानसं हसत्यात, हसू द्या. तुमची लेकरं सुखात ऱ्हावोत, बाबा.