पहिली सुरी

— नाही नाही, बूट राहू देत हो, कार्पेट तसंही जुनंच आहे... बरं, काढलेत, काढा. मराठी माणसाला हे सांगून काही उपयोग नाही. या, इकडे किचनमध्येच या. प्रणव ना तुम्ही? आपल्या मराठी ग्रुपवर फोटो बघितला, त्यात दाढी नव्हती. हे काय, बिअरचं किट टेबलावर काढूनच ठेवलंय — ही बादली, झाकण, हा नळीचा गुंता, आणि हा झाकणात खोचायचा, बुडबुडे सोडतो तो — एअरलॉक. सगळं पुसून ठेवलंय. घाई नाही ना? गाडीत कोणी बसलेलं नाही ना? मग बसा. चहा टाकलाय. साखर? नको? अहो, बेसिंगस्टोकात येऊन बिनसाखरेचा चहा प्यायला लागलात, तिकडे आईला माहितीये का?

काका? काका नाहीत. — म्हणजे बाहेर गेलेत असं नाही. नाहीतच. फेब्रुवारीत गेले. असू दे, असू दे, सॉरी कशाला, तुम्हाला कुठून माहीत असणार. नाव हरिदास, आणि एअरिंग कपबोर्डात, गरम पाण्याच्या टाकीच्या उबेला, टॉवेलांच्या शेजारी बिअर मुरत ठेवलेली! सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा आम्ही सांगितलं, कोकम आहे. किट दिलं पूर्वीनं, आमच्या मुलीनं — केंब्रिजला असते — बाबा रिटायर झाले, दिवसभर आईच्या पायात पायात येतात, त्यांना काहीतरी उद्योग हवा म्हणून. तसं त्यात काही नसतं हो. डब्यातला तो काळा पाक ओता, साखर ओता, पाणी घाला, यीस्ट भुरभुरा, झाकण लावा. पण सांगितलंय तसं करेल तर तो माणूस कसला? एकदा ऑक्टोबरात काखेत भोपळा घेऊन दारात उभे. म्हणे, इकडचे लोक याची बिअर करतात. मी म्हटलं, करू देत त्यांना, आपण घारगे करू. ऐकलं नाहीच.

पहिल्या वर्षी काय झालं सांगू? हसायचं नाही. इंटरनेटवर लिहिलं होतं, पम्पकिन स्पाइस घाला. यांनी कपाट उघडलं, एका डब्यावर माझ्या अक्षरात 'मसाला' लिहिलेलं — घातला की दोन चमचे! गोडा मसाला! नणंदेनं पुण्याहून पाठवलेला. अख्ख्या बादलीला आमटीचा वास. आणि वर मला म्हणतात, शैला, भाताबरोबर बरी लागेल... हसा, हसा. मीही हसले होते. मग म्हटलं आता हे माझ्याच हातात घ्यायला हवं. साखर काढून टाकली, गूळ घातला. भोपळा ओव्हनमध्ये खरपूस भाजायचा, पाण्यात तासभर उकळायचा, आणि चक्का टांगते ना मी, त्या फडक्यातून गाळायचा — नाहीतर तळाशी नुसता चिखल बसतो. साध्या पाण्याऐवजी ते पाणी. मग तो डबा. जायफळ, सुंठ, दोनच लवंगा. म्हणजे बघा, घारग्याचंच सामान सगळं, फक्त कणीक नाही. मी? छे, मी कुठली पिते. एकदा जीभ लावली, कडूजहर. मला वास आवडायचा. आणि तो आवाज — झाकण लावलं की दुसऱ्या दिवशी सुरू होतो. बुडुक... बुडुक. जिन्यावरून जाताना ऐकू यायचं. कपबोर्डात कोणीतरी आहे असं वाटायचं. आता हे घर इतकं गप्प आहे ना, की फ्रिज सुरू झाला तरी मी मान वर करून बघते.

घ्या, चहा घ्या. — काय? हो, डबा नवा आहे. मागच्याच आठवड्यात आणलाय. द्यायचंच होतं तर नवा डबा कशाला आणला, असंच ना? तुम्ही फार बघता हो. चांगल्या स्थितीत द्यावं माणसानं. कालच त्या अर्चना येऊन गेल्या, रेडिंगहून, तुमच्या आधी त्यांचाच मेसेज आला होता — पण बाई येऊन काय उपयोग — म्हणजे, जड असते ना बादली. ...रिकामी असते, हो. बरोबर. रिकामीच आहे.

तो? भोपळाच तो. नाही, हॅलोविनचा दिवा ठेवायला नाही आणला, बाहेर पोरांनी दारोदार मांडलेत तसला नाही हा. ते कोरायचे, आतून पाणचट. हा खायचा. शेतावर मिळतो, तिथून बसनं आणला, मांडीवर घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या दोस्ताला तिकीट नाही हं. तेवढंच त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं. तेव्हापासून खिडकीत बसलाय. मी भांडी घासते, तो बघतो.

हे बघ प्रणव — अरे-तुरे केलं तर चालेल ना? पूर्वीच्याच वयाचा असशील — तुला माहितीये का, तुमच्याकडे पाळतात का माहीत नाही... भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावत नाहीत. पुरुषानं लावायची. नंतर बाईनं हवं तेवढं चिरावं, सोलावं, शिजवावं, पण ती पहिली सुरी — का ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आईनं नाही लावली, सासूबाईंनी नाही लावली. मी काही तशी जुन्या वळणाची नाही रे. गाडी चालवायचे, विकेपर्यंत. यांच्या अंत्यविधीला मीच बोललेय, इंग्लिशमध्ये, सगळ्यांसमोर. पूर्वी फोनवर तिच्या मोडक्या मराठीत म्हणते, "आई, तुझी हात आहे ना? काप ना मग त्याला." आहेत माझे हात. रोज सुरी काढते, धुते, परत ठेवते. कारण मी लावली ना पहिली सुरी, तर झालंच की मग. म्हणजे खरंच या घरात सुरी लावायला कोणी नाही, असं होईल. कळतंय का मी काय म्हणते? शेजारच्या गोऱ्याला सांगता आलं असतं, पण त्याला काय समजावणार? तो बिचारा डोळे-नाक कोरून, हसरा करून देईल. म्हणून मग ग्रुपवर टाकलं — किट फुकट, येऊन घेऊन जा. आपल्यातलं कोणीतरी येईल म्हटलं.

लावशील? नुसती लाव रे. तुझ्या चहाला साखर नाही घातली, एवढं तर करशील. ही घे. इथे, देठाच्या बाजूला. हात सांभाळ, साल दगडासारखी असते. हां. दाब... अजून जरा —

...

बास. बास, बास, थांब. एवढंच. बाकी मी करते. नेहमी मीच करायचे — हे नुसती टोचायचे आणि मग आठवडाभर फोनवर सगळ्यांना सांगायचे, मी भोपळा कापला. वास आला का? कच्चा वास. मी विसरलेच होते, आधी हा वास येतो. नाही, नाही रडत. कांदाही नाही कापलेला, नाहीतर त्याच्यावर ढकललं असतं.

सुरी ठेव तिकडे. ठेवा. आणि बादलीला हात लावू नका. लावू नका म्हटलं ना. किट द्यायचं नाहीये मला. चिडा, चिडायला हक्क आहे तुमचा, एवढ्या लांब आलात. कोण पिणार? कोणी नाही. शेडमध्ये ठेवीन बाटल्या. कोणी प्यायलाच हवी असं थोडंच आहे, बुडबुडे तर येतील ना महिनाभर. ग्रुपवर कोणी विचारलं तर सांगा, किट गेलं. बूट घाला, मला आता ओव्हन लावायचाय.

पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी यांची सायकल आहे की, शेडमध्ये, ती टाकेन ग्रुपवर. तेव्हा मेसेज करू नका तुम्ही. दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं.