चिकाचा डबा धनीरामच्या घरी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष सन्माननीय पुंडलिकराव कापगते, भंडाऱ्याहून आवर्जून आलेले पशुसंवर्धन विभागाचे साहेब, आपल्या सत्कारमूर्ती डॉक्टर खुशबू रामटेके, दवाखान्याचे परिचर धनीरामभाऊ, आणि समोर बसलेल्या सानगडीच्या मायबहिणींनो, भावांनो,

महिला दूध संस्थेची सचिव म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. दोन गोड शब्द बोला, असं सूत्रसंचालकांनी हळूच बजावलं. मीही तसंच ठरवून आले होते. पण अध्यक्षसाहेब, आत्ता आपण म्हणालात, "बाई असूनही मॅडमनी चांगलं काम केलं." तिथेच माझे गोड शब्द संपले. मोठ्यांसमोर असं बोलू नये, हे मला कळतं. तरी बोलते.

आपल्याकडे अडलेली म्हैस सुखरूप व्याली, की पहिल्या चिकाचा डबा कोणाच्या घरी जातो? ज्याच्या हाताला यश आलं, त्याच्या घरी. मग मला सांगा, डॉक्टर इथे आल्यापासून किती डबे त्यांच्या दारी गेले? एकही नाही. सगळे धनीरामभाऊंकडे गेले. भाऊ, तुमच्यावर राग नाही. तुम्ही दोर धरत होता, बॅटरी धरत होता, आणि "अरे, मले कायले देता, बाईले द्या" असं म्हणतही होता. पण ऐकलं कोणी?

भैय्यालालभाऊंची म्हैस आठवते ना? गर्भपिशवीला पीळ पडला होता. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून तपासलं आणि म्हणाल्या, हिला आडवी पाडा, पोटावर फळी ठेवा आणि उलटवा. गोठ्याबाहेर हशा पिकला. "अगा, म्हशीले लोळवून राहिली बाई!" "कोट्यातली डॉक्टरीन आहे, दुसरं काय येईन तिले!" हे वाक्य कोणाचं, ते मला माहीत आहे. ते गृहस्थ आज हार घेऊन आले आहेत. फळीवर तोल धरायला कोणी पुढे येईना, म्हणून मी उभी राहिले. म्हैस उलटली, पीळ सुटला, पारडू जिवंत बाहेर आलं. आणि भैय्यालालभाऊ काय म्हणाले? "महादेवानं वाचवली." डबा गेला धनीरामच्या घरी.

मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "ताई, खरंच नशीब होतं. पीळ सुटला नसता तर?" मला वाटलं, किती नम्र मुलगी आहे! आज इथेही सगळ्यांनी त्यांच्या नम्रतेचं कौतुक केलं. ती नम्रता नव्हती हो. मग इथे समोर बसलेल्या दादाजींची गाय गेली, तेव्हा हीच मुलगी "नशीब" म्हणाली नाही. म्हणाली, "माझं चुकलं असणार." जगलं ते नशिबानं, मेलं ते माझ्यामुळे. असा हिशोब माणूस आईच्या पोटातून शिकून येतो का?

काय म्हणता, दादाजी? गाय तर गेलीच ना? हो, गेली. काहून गेली, तेही सांगा. दोन दिवस गोठ्यात अडून होती. तुमच्या बेबीबाई बायकांच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनीच मला सांगितलं, "मी पयल्याच दिवशी म्हनलं, डॉक्टरीनबाईले बोलवा. हे म्हने, थांब, धनीराम गावाहून येऊ दे." धनीराम आले तिसऱ्या दिवशी, तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावणं गेलं. तोवर वासरू पोटात मेलेलं. डॉक्टरांनी ते काढलं, पण गाईच्या अंगात विष भिनलं होतं. आणि तुम्ही चौकात सांगितलं, "बाईच्या हातानं गेली."

त्या दिवसापासून ही बाई साधी सुई टोचण्याआधी नागपूरच्या डॉक्टर मित्राला फोन लावते. जनावर बरं झालं तरी पहाटे स्कूटी घेऊन बघायला जाते, उभं आहे की पडलं. आम्ही म्हणतो, किती काळजी! ती काळजी नाही. आज तरी आपलं पितळ उघडं पडेल, ही भीती आहे.

त्यांची परवानगी घेऊनच पुढचं सांगते. बदलीत त्यांना भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यातला शस्त्रक्रिया विभाग मिळाला आहे. आणि त्यांनी साहेबांना विनंती केली आहे, मला कार्यालयात टेबलाचं काम द्या, जनावरांना हात लावायला नको. सोमवारी हजर होताना काय ते सांगायचं आहे. तुम्ही शाल पांघरवून ज्यांना निरोप देताय, त्या डॉक्टर डॉक्टरकीच सोडायला निघाल्या आहेत. आणि हे आपण केलं आहे.

डॉक्टर, आता तुमच्याशी बोलते. शंका दोन असतात. एक जनावराबद्दल. पीळ डावीकडे की उजवीकडे? ती राहू द्या, तिच्यामुळेच तुमचा हात जपून चालतो. दुसरी तुमच्याबद्दल. मी खरी डॉक्टर आहे का? ती आली, की जरा थांबून तिचा आवाज ऐका. तुम्ही भंडारा शहरात वाढलात, पण तो आवाज सानगडीच्या बोलीत बोलतो. तो तुमचा नाही, आमचा आहे. आम्ही बोललो आणि तुम्ही तो घरी नेऊन सांभाळलात. आज जाताना इथेच टाकून जा. लगेच जाणार नाही तो, मला ठाऊक आहे. परत येईल. आला, की मला फोन करा. फळीवर मी उभी होते. मी काय पाहिलं, ते पुन्हा सांगेन, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा.

टेबलाचं काम आवडत असेल, तर खुशाल घ्या. पण दादाजींच्या चौकातल्या एका वाक्यासाठी घेऊ नका.

अध्यक्षसाहेब, वेळ जास्त घेतला, सत्काराच्या मंडपात कडू बोलले. शब्दांत काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. ऐकून घेतलंत, आभारी आहे. या मंडपातली माफी मात्र माझ्यापाशी संपली. डॉक्टर, पुढे या, माइक घ्या. पहिलं वाक्य माफीचं नको.