भिवाजीला ठाऊक नसलेला वारा

सरका जरा, शेकोटीपाशी जागा द्या. हां. आता ऐका. आणि मधे कुणी हसलात तर गोष्ट तिथंच बंद, सांगून ठेवतो!

आपल्या गावची सुईण होती हौसाक्का. अवसेची रात्र. खाली दर्याच्या अंगाला करंजवाडीत तिची लेक बाळंत व्हायची होती. तिथून गडी सांगावा घेऊन आला, पाय मुरगळलेला, धापा टाकत. पोर आडवं आलंय, लगेच या! आक्का थांबते होय? कंदील घेतला, काठी घेतली, निघाली. एकटी. भैरीच्या घाटीनं!

त्या घाटीत कोण होता, ठाऊक आहे? भिवाजी! जिवंत असताना अख्ख्या गावाला अक्कल शिकवायचा. बाहेरच्याचं मात्र एक अक्षर ऐकायचा नाही. मेल्यावर चकवा झाला, माणसांना रानात गोल गोल फिरवायचा.

आक्का अर्धी घाटी उतरली. वाटेत जांभूळ लागलं. चालली, चालली. पुन्हा तेच जांभूळ! तेवढ्यात मागून हाक. "आये!" लेकीचा आवाज! आक्का वळली नाही. भूत तीनदाच हाक मारतं, चौथी आली तर माणूस, हे आपल्या गावात पोरासोरांना माहीत. ती चौथीची वाट बघत राहिली. आणि आली की हो चौथी! पाचवीसुद्धा! पण लेक तर खाली वाडीत अडलेली, ती मागून कशी हाक मारील?

मग चकवा सुटावा म्हणून तिनं पदर उलटा करून घेतला. तसा कंदील फुस्स! काळोखात कुणीतरी खो खो हसलं.

"हौसे, हे तुझ्या आजीला मीच शिकवलं गं! आता उजाडेपर्यंत बसून राहा. तेही मीच शिकवलेलं!"

उजाडेपर्यंत? तोवर लेक राहायची का? रडू फुटलं आक्काला, खोटं कशाला सांगू? ओल्या गालाला गार वारा लागला. आणि एकदम आठवली आवडू कोळीण. सुकट विकायला घाट चढून यायची ती. सांगायची, "आक्का, रात्रीचा वारा डोंगरावरून दर्याकडं जातो. नजर फसली तर डोळे मिटायचे अन् वारा पाठीशी घ्यायचा." गाव हसायचं तिला. भिवाजी तर ती बोलायला लागली की कानात बोटं घालायचा.

आक्कानं डोळे मिटले. वारा पाठीवर घेतला. काठीनं चाचपत निघाली.

"अगं, पुढं कडा आहे!" काठीला जमीन लागली. चालली. "हौसे, वाघ!" चालली. "आये, मी मरते गं!" काळीज फाटलं तिचं, पण डोळे उघडले नाहीत. चालली, चालली, आणि कुत्री भुंकली. करंजवाडीची कुत्री! डोळे उघडते तो समोर गावाची वेस!

मागं भिवाजी कळवळून ओरडला, "कुणी शिकवलं हे? हे आपल्या गावचं नाही!"

"नाहीच मुळी! दर्यावरच्या आवडूचं आहे. डोळे मिट, वारा पाठीशी घे. शीक आता तरी!"

धावतच घरात शिरली. पोर हातानं फिरवलं, मोकळं केलं. उजाडायच्या आत पोर रडलं, लेक हसली. कोण ते पोर? हा काय, तुमच्यापुढं तंबाखू मळत बसलाय!

पण बाबांनो, भैरीच्या घाटीनं जाऊ नका. कधीच नाही. आजी माझी शूर खरी, पण जिंकल्याच्या भरात सगळं सांगून बसली. आता वाऱ्याचंही त्याला ठाऊक आहे.