माहितीपत्रकातला सातवा मुद्दा

माझा जन्म तिसगावचा, पाथर्डी तालुका. तिकडं पानी कमी म्हनून वडील आमाला घेऊन कोपरगावकडं ऊसपट्ट्यात आले, आन् मी दहावी नापास झाल्यावर साखर कारखान्यात हेल्पर म्हनून लागलो, पुढं पॅनमन झालो. पॅनमन म्हंजे काय ते सांगतो, उसाचा रस आटवून पाक करत्यात, तो मोठ्या बंद भांड्यात शिजवत्यात, त्याला पॅन म्हनायचं, आन् आत साखरेचा दाना कधी धरला ते वळखायचं. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा आन् उजेडाला धरायचा. काय सांगू तुमाला, जन्मभर मी दुसरं काय केलं न्हाई.

त्याच कामावर कंबोडियाला गेलो. तिथं नवा कारखाना उभा राह्यला हुता, त्यांना हिकडची जुनी मानसं पायजे हुती. सहा हंगाम केले. आमची शांता, म्हंजे घरची, अजून म्हनती, तिकडून आल्यापासून हे बँकेच्या दारातसुद्धा चपला काढत्यात. तिचं खरं हाय, तिथं सवय लागली. मानसं लई मऊ, हात जोडून वाकून बोलनारी. साखरेला ते स्कर म्हनत्यात, पैल्या दिवशी ऐकलं तवा बरं वाटलं, म्हनलं चला, आपल्याच कामाला आलो.

आता हे सगळं का निघालं, तर नितीनमुळं. नितीन माझा थोरला, नगरला त्याचं टूरचं ऑफिस हाय. सहलीला मानसं कमी झाली, तवा त्यानं नवं काढलं, कंबोडिया फिरायचं बी आन् तिथं ऊस लावायला जमीन बघायची बी, बारा शेतकऱ्यांनी मिळून कंपनी करायची. मला म्हनला, आबा, तुम्ही तिथं राहिलात, मंगल कार्यालयात मीटिंग ठेवलीय, तुम्ही फक्त माहिती वाचून दाखवा, लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील. हे जमलं न्हाई तर ऑफिस बंद करायची येळ हुती त्याच्यावर, ते त्यो बोलला न्हाई, पन सूनबाई बोलली.

कागद दिला हातात. दहा मुद्दे, रंगीत छापलेले. सातवा मुद्दा, मोकळी जमीन मुबलक उपलब्ध. मी तिथंच थांबलो.

कारन सांगतो. आमच्या कारखान्याच्या मागं कंपनीचा ऊस हुता, लांबच लांब, कागदोपत्री ती सगळी पडीक जमीन, जंगल. मी शिफ्ट सुटल्यावर तिकडं फिरायला जायचो. उसात मधीमधी पट्टे दिसायचे, एकाच सरीतला ऊस, पन पट्ट्यात वेगळा, कुठं काळाभोर, कुठं पिवळा. शेतकऱ्याच्या पोराला ते सांगावं लागत न्हाई. तिथं बांध हुते. ट्रॅक्टर फिरवून सपाट केलं तरी बांधाच्या जाग्यावर पीक वेगळंच येतं, आन् बांध काय जंगलात आपोआप पडत न्हाई. आंब्याची झाडं बी ओळीनं, अशी कुनी लावल्याशिवाय येत न्हाईत.

एक म्हातारी यायची. डोक्याला चौकड्याचा पंचा, आन् एप्रिलात, त्यांच्या नव्या वर्षाच्या टायमाला, त्या आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या येचायची. वॉचमन तिला उठवायचा, ती उठायची, दुसऱ्या दिवशी परत हजर. मला एकदा तिनं कैरी कापून दिली, मीठ-मिरची लावून. मी खाल्ली. पन ध्यानात काय राह्यलं सांगू, ती चालायची कशी ते. उसातून सरळ वाट सोडून ती वळायची, मग परत वळायची, जिथून बांध गेल्ता तिथूनच जायची. आता तिथं बांध न्हाई, काय न्हाई, पन तिच्या पायाला ठाव हुता.

आमच्या शेतकी साहेबाला म्हनलं, हितं कुनाची तरी शेतं हुती. त्यो म्हनला, दत्तू, तू पॅन सांभाळ, शेत आमच्याकडं आहे. मी पॅन सांभाळला. शेवटच्या हंगामात म्हातारी आली न्हाई, आन् मी कुनाला इचारलं बी न्हाई.

तर मीटिंग झाली. मंगल कार्यालय भरलं हुतं. मी वाचलं, राजधानी नॉम पेन्ह, पैसा रिएल पन डॉलर बी चालतो, पाऊस आपल्यासारखा, कुनाच्या डोक्याला हात लावायचा न्हाई, देवळात अंग झाकून जायचं, परदेशी मानसाला जमीन इकत मिळत न्हाई, लांबच्या भाडेपट्ट्यानं मिळती. मधीच मागून एकजन म्हनला, दत्तूभाऊ, कोळी किडे तळून खात्यात म्हने तिकडं? म्हनलं, खात्यात, तुला काय जबरदस्ती हाय का. हसले सगळे. मग सातवा मुद्दा आला, आन् मी कागद खाली ठेवला आन् आत्ता तुमाला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. नितीनकडं बघितलं न्हाई.

मग आमच्या गावचे बापू उठले, त्यांचा स्वतःचा वीस एकर ऊस, भला मानूस, कुनाच्या बांधाला कधी हात लावला न्हाई. शांतपनी म्हनले, दत्तूभाऊ, तुमचं खरं असंल, पन ती बाई आता तिथं येत न्हाई ना? मी म्हनलं, न्हाई. मग, म्हनले, जमीन आता मोकळीच म्हनायची.

बाराच्या बारा सह्या झाल्या. परत येताना गाडीत नितीन म्हनला, आबा, बरं झालं तुम्ही बोललात, लोकांना वाटलं हा माणूस काही लपवत नाही. म्हंजे बघा, मी जे थांबवायला बोललो त्यानंच ते पक्कं झालं. तेव्हापासून मला दमल्यासारखं हुतं, काम काय न्हाई तरी.

फुडच्या महिन्यात त्यो बाराजनांना घेऊन चाललाय. परवा माझ्यापाशी मोबाईल घेऊन बसला, म्हनला, कामापुरती वाक्यं सांगा. मी सांगितली, आभार मानायला ऑकुन, पानी द्या, भात द्या, कितीला, दवाखाना कुठं हाय. त्यानं टिपून घेतली. मग म्हनला, आबा, ही जमीन कोणाची, हे कसं विचारायचं?

मला येत न्हवतं. सहा हंगाम राह्यलो त्या मुलखात, जेवन मागायला शिकलो, औषध मागायला शिकलो, हे एक वाक्य शिकलो न्हाई. त्याला म्हनलं, उतरल्याबरोबर कुनाकडून तरी ते आधी शिकून घे, आन् मग शेताकडं जा. मानसं चांगली हायती, सांगतील. नीट जा, नीट ये.