चवथीला बघितलेला चंद्र

हॅलो? … कोण? … सुकन्या! आगं, आईच बोलती. कळसच्या घरात दुसरं कोण उचलणार? … रडतीस व्हय? … हसतीस? मग आवाज का असा?

काय? … घावला? मोठ्यानं सांग बाय! … आवो, ऐकलं का? घावला! चंद्रावरनं आणल्याला खडा घावला! लेकीवरचा आळ गेला!

… हो, हो… बोल तू. कुठं घावला? … तुझ्या साहेबाच्याच कपाटात? … त्यानंच दुसऱ्या डबीत ठिवला आन् इसरला? आन् साऱ्या लॅबमधी चोर म्हणला तुला! … माफी मागितली? सगळ्यांदेखत? … हां. मागायलाच पायजे.

तरी मी सांगत हुती, गणेश चवथीला चंद्र बघू नये, चोरीचा आळ येतो… आगं, भिंगाखाली बघितला तरी चंद्रच की त्यो! तिळाएवढा का असंना… हस, हस. तुझ्यावरचा आळ फिटावा म्हणून देवळात बसून त्या मण्याची गोष्ट ऐकून आली मी.

… आणिक काय? … तपासला? तूच? … थांब, मला कळंल असं सांग. … चंद्र आदी सगळा वितळल्याला… बरं… आन् हलकं, पांढरं खडं वर तरंगलं… म्हंजी काहिलीत उसाच्या रसावर मळी येती, तसं? … तसंच? … आन् ती थिजून चंद्राची साल झाली… आन् तुझा खडा त्या पयल्या सालीतला! … चारशे कोटी वर्साच्या वर? आगं बया! … साहेब तर न्हाय म्हणत हुता ना? तुझंच खरं निघालं? … आता परिषदेत तूच सांगणार? त्यानंच नाव दिलं? … माझी वाघीण गं ती!

… आप्पा? आत्ता हितंच हुतं की. ऐकल्या ऐकल्या उठलं, चप्पल बी न्हाय घातली… आगं, तुझ्यावर आळ आला तवापास्नं घराभाईर पडलं न्हवतं. शेजारची फुलाबाई गावभर सांगत सुटली ना, आप्पाच्या पोरीनं चंद्र चोरला म्हणून. गणपतीच्या आरतीला बी गेलं न्हाईत…

थांब. गप जरा. … मंडपातली गाणी बंद झाली. … माईकवर कोण बोलतंय? … आगं, आप्पाच! … फोन खिडकीत धरती, ऐक… आलं ऐकू? … "माझी लेक", "माझी लेक", एवढंच म्हणत्यात… फुडं बोलताच यीना त्यास्नी… रडत्यात गं… सारा गाव ऐकतोय… सुकन्या? … हॅलो? … तू बी रडायला लागलीस व्हय? … हॅलो? … हॅलो?